लेस आणि लोकर : थंडीतल्या कपड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की माझ्याकडे दोन प्रकारच्या बायका यायला लागतात. एकीचा गेल्या वर्षीचा स्वेटर आखूड झालेला असतो. दुसरीने लग्नासाठी हौसेने लेसचा ब्लाऊज शिवलेला असतो आणि आता उघड्या लॉनवर कुडकुडायचं कसं हा प्रश्न असतो. शिवण आणि विणकाम शिकवताना गेल्या बऱ्याच हिवाळ्यांत हे असे प्रश्न इतक्यांदा आले, की शेवटी उत्तरं लिहूनच काढली.

एक गोष्ट आधीच सांगते. वीण ताणते, लेस सहसा ताणत नाही. पुढच्या निम्म्याअधिक भानगडी एवढ्यातूनच निघतात.

लेस आणि लोकर एकत्र घालायचीच कशाला? एक उन्हाळ्याची, एक थंडीची.

म्हणूनच. नुसता जाड स्वेटर अंगात घातला की माणूस पोत्यासारखं दिसतं. खांदा कुठे संपला आणि दंड कुठे सुरू झाला कळत नाही. त्याच स्वेटरच्या मनगटातून दोन बोटं लेस डोकावली की हात हातासारखा दिसतो. नुसती लेस घालावी तर भोकांतून वारा शिरतो. ऊब लोकरीने द्यायची आणि नाजूकपणा लेसने, अशी सरळ वाटणी आहे.

ऊब लोकरीत अडकून बसलेल्या हवेमुळे मिळते. त्यामुळे जाळीदार शालसुद्धा उबदार असू शकते, फक्त तिच्यावरून वारा वाहता कामा नये. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या उन्स्ट बेटावरच्या बायका लोकरीची इतकी बारीक जाळीची शाल विणत, की अख्खी शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता यायची. रशियात ओरेनबुर्गला बकरीच्या मऊ लवेची अशीच शाल विणतात, आणि तिथली थंडी आपल्या कल्पनेपलीकडची. तेव्हा लोकर आणि जाळी यांचं नातं काही आजकालच्या फॅशनने जुळवलेलं नाही.

दुकानात ‘लेस’ म्हणून जे मिळतं ते सगळं एकच असतं का?

अजिबात नाही, आणि फसगत इथेच होते. लेस म्हणून मीटरवर जे विकलं जातं त्यात मला साधारण चार जाती दिसतात.

पहिली रॅशेल. बाजारात सगळ्यात जास्त हीच. रॅशेल हे विणकामाच्या यंत्राचं नाव, म्हणजे ही लेस मुळात विणलेलीच असते. ताणणारी लेस म्हणून जी मिळते ती बहुतेक हीच, धाग्यात थोडं इलॅस्टिक घातलेली. स्वेटरला जोडायला सगळ्यात सोपी. दुसरी नेटवर भरतकाम केलेली. ही ताणत नाही, आणि नेट स्वस्तातलं असेल तर मानेला टोचते. तिसरी जाडसर, उठावदार, जिला मागे नेट नसतंच. फुलाला फूल धाग्यानेच जोडलेलं असतं. ही गिप्युर. आधी पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर भरतकाम करतात, मग ते कापड विरघळवून टाकतात आणि नुसतं भरतकाम उरतं. वजनदार असते, म्हणून जाड स्वेटरला हीच शोभते. चौथी आपली क्रोशाची, सुती. हिला कोणी ‘लेस’ म्हणत नाही, ‘आजीने केलेलं’ म्हणतात.

मशीनच्या लेसचं मूळ इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला. जॉन लीव्हर्सने १८१३ च्या सुमारास तिथे यंत्र तयार केलं, आणि त्या घराण्याच्या यंत्रावरची लेस आजही सगळ्यात महागड्या लेसांत धरली जाते. आपल्या गल्लीतल्या दुकानात ती शोधू नका. चाळीस रुपये मीटरवाली रॅशेल आपल्या कामाला पुरते.

स्वेटरच्या आत लेसचा टॉप घातला की तो पोटाशी गोळा होतो. काय करू?

आतली लेस गुळगुळीत नायलॉनची आणि वरची लोकर खरखरीत असली की लोकर तिला धरून ठेवते. तुम्ही हात वर केलात की स्वेटर वर जातो आणि जाताना लेसला घेऊन जातो. खाली येताना मात्र एकटाच येतो.

अख्खा लेसचा टॉप आत घालूच नका. जे दिसायचं नाही ते लेसचं असण्यात काय अर्थ? सुती होजियरीची साधी शमीज घ्या, तिच्या खालच्या काठाला चार इंच लेस आणि हवी तर गळ्याला इंचभर लावा. आत अंगाला सूत, बाहेर डोकावणार तेवढीच लेस. शमीज स्वेटरपेक्षा निदान दोन इंच लांब ठेवा. एकच इंच ठेवली तर परकर दिसतोय असं वाटतं, आणि कोणीतरी बाजूला घेऊन हळूच सांगतंही. चार इंच ठेवली तर मुद्दाम ठेवलेली कळते.

साडीवर स्वेटर घातला की सगळी शोभा जाते. लेसने काही होईल?

होईल, पण आधी साडी कोणती ते बघा. पैठणीवर लेस नको. काठ आणि पदर यांनी तिथे आधीच एवढं बोलून ठेवलेलं असतं, की लेसला बोलायला जागा उरत नाही. शिवाय सैल विणीचा स्वेटर जरीत अडकतो. पैठणीवर साधी एकरंगी शाल घ्या आणि मोकळ्या व्हा.

शिफॉन, जॉर्जेट, खादी, साधी सुती साडी यांच्यावर मात्र बहार येते. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ब्लाऊजऐवजी बारीक विणीचा, अंगासरशी बसणारा लांब बाह्यांचा स्वेटरच घालायचा, आणि त्याच्या मनगटाला लेस लावायची. कंबरेशी तो परकरात खोचा, बाहेर सोडलात तर निऱ्यांवर फुगा येतो. दुसरा म्हणजे लेसचा ब्लाऊज तसाच ठेवून वर पुढून उघडा, कंबरेपर्यंतच येणारा आखूड कार्डिगन. पदर कार्डिगनच्या वरून घ्या. खालून घेतलात तर त्या खांद्यावर उंटाची पाठ तयार होते.

आता सेफ्टी पिनेचं. विणीत पिन टोचली की टाका तुटतो, आणि रिसेप्शन संपेपर्यंत खांद्यावर बोटभर भोक पडलेलं असतं. म्हणून स्वेटरच्या आतून, जिथे पिन येणार तिथे, दोन रुपयांच्या नाण्याएवढा कापडाचा तुकडा हाताने शिवून ठेवा. पिन साडी, वीण आणि तो तुकडा अशी तिन्हींतून घ्यायची. पदराचं ओझं तुकडा घेतो, विणीवर येत नाही. हे एवढं केलं तरी निम्मे स्वेटर वाचतात.

आणि परकराच्या आत लोकरी लेगिंग घाला. ते कोणाला दिसत नाही. तुळशीच्या लग्नानंतरचे बरेच मुहूर्त नेमके गारठ्यातच येतात आणि हॉल सोडून लॉन घ्यायची टूम निघाली आहे, त्याला लेस काय करणार?

आखूड झालेल्या स्वेटरला खाली लेस जोडायची आहे. नीट सांगाल का?

बसून वाचा, हे लांबणार आहे.

आधी माप. स्वेटरचा घेर आडवा ठेवून मोजू नका. माझ्या समोर आत्ता एक आहे, त्याचा खालचा पट्टा टेबलावर ८८ सेंमी भरतो. पण तो डोक्यावरून, खांद्यांवरून खाली येताना ताणून १०४ सेंमीपर्यंत जातो. लेस ८८ ची लावली तर स्वेटर अंगात जाणारच नाही, किंवा जाईल आणि टीप उसवेल. म्हणजे लेस १०४ ची, वर जोडाला दोन सेंमी. ताणणारी रॅशेल असेल तर ९५ सुद्धा चालते.

मग खुणा. स्वेटरच्या घेराचे आठ समान भाग करा, लेसचे आठ करा, खुणेला खूण लावून टाचण्या लावा. शिवताना दोन टाचण्यांमधला स्वेटर एवढाच ताणायचा, की तो लेसच्या लांबीला येईल. सोडला की लेसला बारीक चुण्या पडतात. त्या दोष नाहीत, त्याच हव्या आहेत.

मशीनला बॉलपॉइंट सुई लावा. साधी टोकदार सुई धागा फोडते आणि आठवड्याने तिथून टाका धावतो, म्हणजे वीण ओळीने उसवत जाते. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ती धाग्यांच्या मधून वाट काढते. सरळ टीप मारू नका, बारीक झिगझॅग घ्या. सरळ टीप ताणली की तुटते. वीण मशीनच्या दातांत ओढली जात असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून तिच्यासकट शिवा, मग कागद फाडून काढा. दाबाचा स्क्रू असेल तर दाब थोडा कमी करा.

घेर ताणण्याची कटकटच नको असेल तर आणखी एक युक्ती आहे. लेस पुढे वेगळी आणि मागे वेगळी लावा, दोन्ही कुशींना दोन-दोन इंच मोकळी ठेवा. कुर्त्याच्या कटसारखी दिसते, आणि तो मोकळा भाग हवा तेवढा ताणतो. मला तर हेच जास्त आवडतं.

उलटं मात्र करू नका. म्हणजे वर लेसचं योक (खांद्यांचा आणि छातीचा वरचा भाग) आणि खाली लोकरीचं धड, असं. चित्रात छान दिसतं. पण प्रौढ बाईच्या स्वेटरचं वजन तीनशे-चारशे ग्रॅम सहज असतं, ते सगळं लेसला लटकतं. चार वेळा घातला की गळा पोटाकडे निघतो. करायचंच असेल तर लेसच्या मागे पक्कं अस्तर घाला, वजन अस्तराने उचलायचं.

गळ्याला लेस लावताना माझी स्वतःची झालेली फजिती सांगते. लेक पाच वर्षांची असताना तिच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी लाल स्वेटरच्या गळ्याला पांढरी सुती लेस लावली. रात्री अकराला, सरळ टिपेने, गळ्याच्या मापाबरहुकूम. सकाळी सातला स्वेटर डोक्यात घातला तो कानाशीच अडकला. वर जाईना, खाली येईना, आतून रडण्याचा आवाज. शेवटी कात्रीने डाव्या खांद्यावर लेस कापली. मग घाईघाईत तिथे दोन मोत्याची बटणं लावली, आणि सगळ्यांनी त्या बटणांचंच कौतुक केलं. तेव्हापासून लहान मुलांच्या गळ्याला मी खांद्यावर बटणपट्टी आधी करते, लेस नंतर.

मशीन नाही. क्रोशाने थेट स्वेटरवर लेस विणता येते का?

येते, आणि खरं तर तीच सगळ्यात उत्तम, कारण क्रोशाची किनार स्वेटरबरोबर थोडी ताणते. स्वेटरच्या काठावर सुईने लोकरीचा काजटाका घालत जा, दोन टाक्यांत साधारण अर्धा सेंमी अंतर. हा पाया. त्या प्रत्येक फासात मुका खांब घालून एक ओळ पूर्ण करा. पुढच्या ओळीत एक खांब, दोन साखळ्या, एक घर सोडून पुन्हा खांब. तिसऱ्या ओळीत प्रत्येक जाळीत पाच खांबांचा पंखा. झालं.

धागा स्वेटरपेक्षा बारीक घ्या. जाड लोकरीच्या काठाला जाड लोकरीचीच लेस केली तर ती लेस न दिसता पायपुसण्याची किनार दिसते. आणि टाके घट्ट आवळू नका. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी अर्ध्या नंबराने मोठी सुई घ्यावी.

हात चालत नसेल तर तयार क्रोशाची किनार मिळते. आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर म्हणून गाव आहे, तिथे आणि आसपास हजारो बायका घरबसल्या क्रोशाची लेस करतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे ही कला नेली. बायका बोटं झिजवतात त्या मानाने त्यांच्या हाती फार थोडं पडतं, हे ठाऊक असलं म्हणजे दहा रुपयांसाठी घासाघीस करायला जीभ वळत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही टेबलावरच्या रुमालापासून बाळाच्या टोपीपर्यंत क्रोशा दिसतो.

दोन सुयांवर जाळीची वीण घातली, पण लेस दिसतच नाही, चुरगळलेलं फडकं दिसतं.

विणलंत बरोबर, संपवलं नाहीत. जाळीच्या विणीत धागा सुईवर पुढून घेतला की भोक पडतं आणि दोन टाके एकत्र विणले की वाढलेला टाका कमी होतो, एवढंच गणित आहे. पण सुईवरून उतरवल्यावर लोकर आकसलेलीच असते. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा (पिळू नका), मग गादीवर चादर पसरून चारी बाजूंनी ताणून टाचण्यांनी खिळवून ठेवा. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. टाचण्या काढाल तेव्हा जाळी उघडलेली असेल. स्टीलच्या टाचण्या घ्या, लोखंडी घेतल्या तर गंजाचे ठिपके पडतात.

हे शुद्ध लोकरीचं. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जी लच्छी देतात ती बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक असते. अ‍ॅक्रिलिक पाण्याने बसत नाही, त्याला वाफ लागते, आणि वाफ जास्त झाली तर धागा कायमचा लुळा पडतो. इस्त्री टेकवायची नाही, बोटभर वर धरायची. खरी लोकर की अ‍ॅक्रिलिक ते ओळखायचं असेल तर इंचभर धागा चिमट्यात धरून जाळा. लोकर जळक्या केसांसारखी वासते आणि राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून काळा टणक मणी होतो.

बाळाच्या कुंचीला लेस लावली तर चालेल?

कुंचीला लेस ही तर आपल्याकडची जुनीच जोडी. बारशाची खणाची किंवा मखमलीची कुंची, तिला जरीची किनार, आणि रोज थंडीत घालायची लोकरीची. लोकरीच्या कुंचीला चेहऱ्याभोवती मऊ सुती लेसची झालर फार गोड दिसते.

तीन गोष्टी सांभाळा. लेसची भोकं एवढी मोठी नकोत, की बाळाचं बोट अडकेल. मोती, टिकल्या, सुटे मणी नकोत. बाळ सगळं तोंडात घालतं. आणि हनुवटीखाली लांब रिबन नको, लहानशी बटणपट्टी करा. बाळ झोपलं की कुंची काढून ठेवायची. आजी ऐकणार नाहीत, पण सांगायचं काम आपलं. जरीची लेस कपाळाला लागता कामा नये, ओरखडे उठतात. ती मागच्या पाठीवरच्या झोळाला लावा, फोटोत तिथलीच दिसते.

लोकर टोचते, त्यात लेसही टोचते. मला दोन्हींचं वावडं आहे का?

बहुतेकांना वावडं नसतं, तंतू जाड असतो. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं कातडीला टोचतात. चांगली मेरिनो लोकर वीसच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते, पश्मीना तर १२ ते १६ मायक्रॉन. दुकानात मायक्रॉन कोणी सांगत नाही, म्हणून स्वेटर गळ्याला लावून बघा, हाताला नाही. तळहाताची कातडी जाड, तिला काही कळत नाही.

लेस टोचते ती बऱ्याचदा खळीमुळे. एकदा धुवून घेतली की निम्मी मऊ पडते. उरलेली काठाच्या कापलेल्या नायलॉनमुळे. तिथे सुती पाइपिंग लावा. एवढं करूनही अंगावर लाल चट्टे उठत असतील तर मग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मुंबईत थंडीच पडत नाही. आम्ही काय करायचं?

मुंबईचा पारा पंधरा-सोळावर आला की त्याची बातमी होते, आणि इकडे निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मुंबईकरांनी लोकरीच्या नादी लागूच नये. सुती धाग्याचा जाळीदार श्रग, बिनबाह्यांच्या टॉपवर. सकाळच्या लोकलला पुरतो, अकरा वाजता पर्समध्ये मावतो. ठाणे-कल्याणच्या पुढे राहात असाल तर बारीक विणीचा फुलबाह्यांचा.

पुण्या-नाशिकची अडचण वेगळी. पहाटे दहा अंश, दुपारी तीस. तिथे लेस आतल्या कपड्यालाच लावलेली हवी, म्हणजे दुपारी स्वेटर काढला तरी अंगावर काहीतरी बरं असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं अशा पहाटे फिरायला जाणार असाल तर लेसबिस विसरा, कानटोपी घाला.

रंग कसे जुळवायचे?

शुभ्र पांढरी लेस आणि साईच्या रंगाची लोकर एकत्र आणू नका. शेजारी ठेवल्या की लोकर मळकी दिसते, लेस स्वस्त दिसते. साईच्या लोकरीला साईचीच लेस, नाहीतर थेट काळी किंवा मरून. तयार लेस रंगात मिळत नसेल तर सुती लेस चहाच्या पाण्यात बुडवा. दोन चमचे चहापत्ती लिटरभर पाण्यात उकळून, गाळून, दहा मिनिटं. पॉलिस्टर चहाला नीट दाद देत नाही.

ऑफिसला चालेल का? आणि साठीच्या आईला शोभेल का?

ऑफिसला मनगट आणि गळा यांपैकी एकच जागा निवडा. आईला नक्की शोभेल. लेस तरुण मुलींची ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका पोलक्याच्या बाहीला क्रोशाची किनार लावूनच घालत.

लेस सारखी अडकते. बांगड्यांत, अंगठीत, मंगळसूत्रात.

मंगळसूत्राच्या वाट्यांची कड आणि अंगठीच्या खड्याचे चिमटे हे दोन खरे गुन्हेगार. मनगटाला लेस असेल त्या दिवशी त्या हातात गोल गुळगुळीत बांगडी किंवा कडं, पाटल्यांची नक्षी नको. घालताना आधी कपडा, मग दागिने. काढताना उलट.

अडकून धागा ओढला गेलाच तर कात्री लावू नका. कापलेल्या जागेतून टाका धावत जातो. बारीक क्रोशाची सुई कपड्याच्या मागच्या बाजूने घाला, बाहेर आलेला फास तिने धरून मागे ओढा, मग आजूबाजूची वीण दोन्ही हातांनी हलके ताणा. फास पुष्कळसा आपसूक जिरतो.

धुवायचं कसं? लोकर आणि लेस दोघींना एकच पाणी चालतं का?

चालतं, थंड. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत गुंततात आणि स्वेटर आटून बाहुलीला बसेल एवढा होतो. लेस मात्र तशी आटत नाही, म्हणजे आटलेल्या स्वेटरला लोंबणारी मोठी लेस. हे बघितलंय मी.

रिठे रात्री भिजत घालावेत, सकाळी कोळून पाणी गाळून घ्यावं. त्यात दहा मिनिटं बुडवून हलक्या हाताने दाबायचं. चोळायचं नाही. गाळणं नीट करा, रिठ्याची सालं लेसच्या भोकांत अडकली तर वेचत बसावं लागतं. मशीनमध्ये टाकणारच असाल तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि थंड, हलक्या चक्राला लावा. दोरीवर कधीच वाळत घालू नका. ओल्या लोकरीचं वजन लेसला खाली ओढतं. सावलीत, टॉवेलवर, आडवं.

ठेवताना घडी घाला, हँगर नको. कपाटात वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंब फडक्यात बांधून. धुतल्याशिवाय मात्र ठेवू नका, कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागावर आधी येते.

आम्ही शिकागोला असतो. घरात हीटर, बाहेर बर्फ. लेसवर स्वेटर घातला की चटचट ठिणग्या उडतात!

हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते, आणि लोकर व पॉलिस्टर एकमेकांवर घासली की वीज साठते. दोघांच्या मध्ये सुती थर हवा. लेसची पट्टी फक्त सुती शमीजच्या काठाला लावा, म्हणजे अंगभर पॉलिस्टर राहात नाही. हातापायांना क्रीम लावा, ते कोरडेपणा कमी करतं. खोलीत पाण्याचं भांडं ठेवण्याचा आईचा सल्लाही बरोबर आहे.

मंडळाच्या संक्रांतीला काळी साडी नेसणार असाल तर काळी बारीक विणीची पोलोनेक (उंच, बंद गळ्याचा स्वेटर) ब्लाऊज म्हणून घाला आणि हलव्याचे दागिने वरून. हलव्याचा काटा लेसमध्ये असा गुंततो की दागिनाच तुटतो, म्हणून त्या दिवशी लेस फक्त मनगटाला.

किती मीटर लेस आणू, आणि कुठून?

मनगटांना मिळून पाऊण मीटर, खालच्या घेराला सव्वा, चुण्या दाट हव्या असतील तर घेराच्या दीडपट. नेहमी पाव मीटर जास्त घ्या. पुण्यात रविवार पेठ आणि तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर. स्वेटर सोबत न्या, आठवणीतल्या रंगावर जाऊ नका. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळं पांढरं एकच दिसतं, दारात येऊन उजेडात बघा. स्वेटर घ्यायचा असेल तर हिवाळ्यात येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे बारीक विणीचा साधा, एकरंगी शोधा. माल बहुतेक लुधियानाचाच असतो. नक्षीदार घेतलात तर लेसला जागा राहणार नाही.

स्वेटरला कसरीने भोक पाडलंय आणि जुनी लेसही फाटलीय. दोन्ही टाकून देऊ?

फाटलेल्या लेसमध्ये एखादं फूल धड असतं. ते काठाकाठाने कापून घ्या, एक धागासुद्धा मोकळा सोडू नका. स्वेटरचं भोक आधी त्याच रंगाच्या लोकरीने आतून रफू करा, नाहीतर ते फुलाच्या खाली वाढत राहील. मग भोकावर फूल ठेवून जुळत्या दोऱ्याने कडेकडेने बारीक टाके घाला, एक टाका लेसमध्ये, एक विणीत, दोरा न आवळता. एकच फूल ठिगळ वाटतं. म्हणून दुसरं थोडं वर, खांद्याकडे, आणि तिसरं दुसऱ्या बाहीच्या कोपरावर लावा.